सिनेमा सुटल्यानंतर

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

१९९२ साली खाडी ओलांडून रेल्वे मानखुर्दहून वाशीला आली आणि पुढच्या वर्षी बेलापूरला पोचली. नवी मुंबईचा इतिहास सांगणारे या घटनेचा संबंध घरांच्या किमतीशी लावतात. मी सिनेमाशी लावतो. मुंबईत सिनेमा पाहून परतणाऱ्या आम्हा आठ-दहा जणांचं खरं चर्चासत्र कुर्ल्याला गाडी बदलल्यावर सुरू व्हायचं. मानखुर्द सुटलं, खाडीचा वारा डब्यात शिरला, की आवाज चढायचे. वाशीपर्यंत निकाल लागला नाही, तर सगळे तिथेच उतरायचे आणि फलाटावरच्या बाकावर वाद पुरा व्हायचा. नेरूळला राहणारा मी मग मागच्या गाडीने घरी.

सिनेमा पाहून तासभर भांडायचं, ही सवय आपल्याला कुणीतरी लावली आहे. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आदी मंडळींनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली. १९५९ मध्ये अशा संस्थांचा महासंघ झाला. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झालं आणि सुधीर नांदगावकरांसारख्या माणसांनी मराठी प्रेक्षकाला दिवे लागल्यावरही खुर्चीत बसून राहायला शिकवलं. एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगायला हवी. सोसायट्यांना काही परदेशी चित्रपट सेन्सॉरची कात्री न लागता सभासदांपुरते दाखवता येत, आणि काही सभासदांची वर्गणी तेवढ्याच कारणासाठी वेळेवर भरली जाई! पण त्यांतलेच दोघे-तिघे पुढे बर्गमनवर तावातावाने बोलू लागले, हेही मी पाहिलं आहे.

माझी अडचण निराळी होती. १९९५ साली मणिरत्नमचा ‘बॉम्बे’ आला. गाडीत बसलो आणि सगळे चेहरे माझ्याकडे वळले. ‘कविराज, तुम्हाला काय वाटलं?’ मला रहमानच्या संगीतावर बोलायचं होतं, कथेचा उत्तरार्ध पूर्वार्धाला कसा तोलत नाही हे सांगायचं होतं. त्यांना दंगलीवर माझा शब्द हवा होता. कुणाचा हेतू वाईट नव्हता; जानेवारी त्र्याण्णव मागे पडून फार दिवस झाले नव्हते. पण प्रेक्षक म्हणून गेलेला मी साक्षीदार होऊन घरी परतलो. सईद मिर्झांच्या ‘नसीम’नंतरही तसंच झालं. त्यात आजोबांची भूमिका कैफी आझमींनी केली होती. एक शायर पडद्यावर कसा वावरतो, यावर मी रात्रभर बोललो असतो. तो प्रश्न कुणी विचारलाच नाही.

२००४ साली ‘श्वास’ला सुवर्णकमळ मिळालं. ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी मराठी सिनेमाला हा मान मिळत होता. डोळ्यांत पाणी आणलं म्हणजे सिनेमा चांगला का, यावर आमच्यात दोन तट पडले ते आठवडाभर मिटेनात. मग कुणीतरी म्हणालं, जुना मराठी सिनेमा आधी पाहू, मग भांडू. अशा रीतीने एका मित्राच्या दिवाणखान्यात आम्ही ‘शेजारी’ लावला.

व्ही. शांताराम यांचा हा प्रभातसाठीचा शेवटचा चित्रपट. साल १९४१. आदल्याच वर्षी मुस्लिम लीगने लाहोरचा ठराव केला होता आणि इकडे पुण्यात शांतारामबापू दोन शेजाऱ्यांची गोष्ट सांगत होते. केशवराव दाते जिवबा, गजानन जागीरदार मिर्झा. हिंदी आवृत्तीत, म्हणजे ‘पडोसी’त, बापूंनी आणखी गंमत केली. तिथे मिर्झा जागीरदारच, पण हिंदू ठाकूर झाले मझहर खान. गावात धरण बांधायचं असतं, दोघांचा विरोध असतो, म्हणून त्यांच्यात वितुष्ट आणलं जातं. शेवटी धरण फुटतं आणि दोघे एकत्र मरतात.

सिनेमा संपला. मी मनातल्या मनात माझी साक्ष तयार करू लागलो. मिर्झाची भाषा, दाढी, मैत्री, सगळ्यावर काय बोलायचं ते ठरत होतं. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले एक आगरी गृहस्थ बोलले. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. दादा म्हणाले, ‘कविराज, हा सिनेमा तुमचा नाय, माझा आहे. धरणासाठी गाव पाहिजे ना? मग आधी गावातली दोन घरं फोडायची.’

खोली गप्प झाली. १९७० साली सिडको आली, पंचाण्णव गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच शेतकरी गेले. हे आम्हाला वाचून माहीत होतं. पण ज्या इमारतीत बसून आम्ही सिनेमा पाहत होतो, तिच्याखाली कुणाची तरी भातखाचरं होती हे त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं. मी दादांशी वाद घातला. धरण हे निमित्त आहे, बापूंचं लक्ष माणसांवर आहे, असं मी म्हणालो. ते ऐकेनात, मीही ऐकेना. साक्ष द्यायची राहूनच गेली. घरी आलो तेव्हा घसा बसला होता, आणि मी खुशीत होतो.

२०१६ साली वाशी स्टेशनजवळच्या मॉलमध्ये आम्ही ‘सैराट’ पाहिला. आता आम्ही चौघेच उरलो होतो. शेवटच्या दृश्यात नागराज मंजुळे सगळे आवाज काढून घेतात; आम्हीही जिना उतरेपर्यंत बोललो नाही. फलाटावर आल्यावर मीच आधी तोंड उघडलं. गाण्यांनी भरलेला पूर्वार्ध असा मुका का केला, यावर माझं काही म्हणणं होतं. दादांनी मला थांबवलं.

‘ते राहू द्या. त्या पोराला आता कोण सांभाळील ते सांगा. ती शेजारीण?’

मी म्हणालो, नाही सांभाळणार. दादा म्हणाले, सांभाळील. पनवेलकडे जाणाऱ्या तीन गाड्या आम्ही सोडल्या.