उडत्या पांखराचें छायाचित्र

अंगणांतल्या जास्वंदीवर शिंजीर येतो, फुलापुढें क्षणभर अधांतरीं थरथरतो आणि निघून जातो. त्या क्षणांत त्याचे पंख वर होते कीं खालीं, हें पाहणाऱ्यास सांगतां येत नाहीं. पंखांच्या जागीं त्याला केवळ एक धूसर कड दिसते. पक्षी हवेंत कसा तरतो, हा प्रश्न मनुष्यास फार प्राचीन काळापासून पडलेला आहे. परंतु जेथें डोळाच कमी पडतो, तेथें अनुमानापलीकडे जावें कसें?

या प्रश्नाचा पिच्छा ज्यांनीं चिकाटीनें पुरविला, ते प्रो. एत्येन-झ्यूल मारे (१८३०–१९०४) हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ होत. नाडीचे ठोके काजळी धरलेल्या कागदावर आपोआप रेखाटणारें यंत्र त्यांनीं तयार केलें होतें, व पक्ष्यांनाही त्यांनीं प्रथम तीच रीत लावली. कबुतराच्या अंगावर जोखड चढवावयाचें, त्याला रबराच्या नळ्या जोडावयाच्या आणि पंखांच्या हालचालीची रेघ दूरच्या यंत्रावर उमटवून घ्यावयाची, असा तो प्रकार. त्यांतून पुष्कळ कळलें. पण असें जखडलेलें, ओझें वाहणारें कबूतर जें उडतें, तें मोकळ्या कबुतराचें उडणें म्हणावें काय? साऱ्या शोधाचें मोल या शंकेवर अवलंबून होतें.

१८७८ सालीं मायब्रिज यांनीं अमेरिकेंत धांवत्या घोड्याचीं छायाचित्रें ओळीनें घेतलीं आणि मारे यांची दृष्टि कॅमेऱ्याकडे वळली. घोडा आंखलेल्या वाटेनें धांवतो, म्हणून तेथें कॅमेऱ्यांची रांग मांडतां येते. पक्ष्याची वाट कोण आंखून ठेवणार? तेव्हां १८८२ मध्यें मारे यांनीं चक्क एक बंदूक केली. तिला दस्ता होता, नळी होती, चापही होता. नव्हती ती गोळी. नळींत भिंग होतें व मागें फिरणारी काच. शुक्राचें अधिक्रमण टिपण्याकरितां झान्सेन या ज्योतिर्विदांनीं १८७४ सालीं असेंच एक पिस्तूल योजलें होतें, त्यावरून ही कल्पना सुचली. ही बंदूक सेकंदास १२ चित्रें घेई व प्रत्येक चित्रास सेकंदाचा ७२० वा भाग लागे. नेपल्सच्या किनाऱ्यावर प्रोफेसरसाहेब समुद्रपक्ष्यांवर नेम धरीत आणि रिकाम्या हातांनीं परत येत. बघ्यांना हा शिकारी वेडा वाटला असल्यास त्यांना दोष देतां येणार नाहीं. परंतु कोणतेंही जोखड नसलेल्या पक्ष्याच्या पंखांची क्रमवार हालचाल त्या काचेवर उतरली होती.

मोठ्या पक्ष्यांचें हें झालें. बागेंतील चिमुकल्या पांखरांपुढें मात्र ही बंदूक दुबळी ठरावी. लाल कंठाचा अमेरिकन हमिंगबर्ड जेमतेम ३ ग्रॅम वजनाचा; तो सेकंदांत सुमारें ५० वेळां पंख हलवितो. म्हणजे बंदुकीच्या एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत पंखांचे चार फेरे होऊन जावयाचे, आणि एकाच चित्राच्या अवधींतही पंख आपल्या फेऱ्याचा चौदावा हिस्सा चालून जावयाचा. चित्र पुसट येणारच.

उपाय झडपेंत नव्हता, प्रकाशांत होता. फॉक्स टॅलबट यांनीं १८५१ मध्येंच वेगानें फिरणाऱ्या चाकावर वर्तमानपत्राचा कागद चिकटवून विजेच्या ठिणगीच्या उजेडांत त्याचें छायाचित्र घेऊन दाखविलें होतें. काळोखांत झडप उघडी राहिली तरी चालतें. उजेड जितका वेळ टिकतो तितकाच वेळ कॅमेरा पाहतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेचे हॅरल्ड एजर्टन यांनीं वायु भरलेल्या नळींतून वीज सोडून असा क्षणजीवी उजेड हवा तेव्हां मिळण्याची सोय केली, आणि १९३६ मध्यें न्यू हॅम्पशायरमधील एका बागेंत साखरेच्या पाण्यावर येणाऱ्या हमिंगबर्डांचे पंख त्यांच्या चित्रांत थांबले.

तरी एक अडचण उरलीच. पांखरूं दिसल्यापासून बोट कळ दाबीपर्यंत सेकंदाचा सुमारें पांचवा हिस्सा जातो. सेकंदास ५ मीटर उडणारें पांखरूं तेवढ्यांत मीटरभर पुढें गेलेलें असतें. म्हणून कळ दाबण्याचें काम पांखराकडेच सोंपविण्यांत आलें. त्याच्या वाटेवर प्रकाशाचा बारीक झोत सोडावयाचा. पांखरानें तो ओलांडला कीं विद्युन्नेत्रास तें कळतें व दिवा लखकन् पेटतो. इंग्लंडांत दुसऱ्या महायुद्धानंतर एरिक हॉस्किंग यांनीं या साधनांनीं काम केलें. याच हॉस्किंग यांचा डावा डोळा १९३७ मध्यें एका घुबडाच्या नखानें गेला होता. कॅमेऱ्यास एकच डोळा पुरतो असें म्हणणें सोपें आहे. त्यानंतर पुन्हां रात्रीं घुबडाच्या घरट्यापाशीं जाऊन बसणें सोपें नव्हे.

पंख थांबलेले दिसले, तरी ते पांखराला कसे तोलतात हें कळावयास आणखी पुष्कळ काळ लागला. हमिंगबर्ड एके जागीं तरंगतो तेव्हां त्याचे पंख पुढें-मागें आडवे फिरतात. त्यावरून, कीटकांप्रमाणेंच त्याला दोन्ही हेलकाव्यांत सारखा आधार मिळत असावा, असें मानलें जाई. २००५ मध्यें अमेरिकन संशोधकांनीं हवेंत तेलाचे सूक्ष्म थेंब सोडून, लेसरच्या झोतांत त्यांचे भोंवरे टिपले. साखरेचें पाणी पीत तरंगणाऱ्या त्या पांखरास कोणी जखडलें नव्हतें. त्याचा ७५ टक्के भार खालच्या हेलकाव्यावर व २५ टक्केच वरच्यावर पडतो, असें आढळलें.