घन, गोल, शंकू… आणि चहाची किटली

१/ संगणकावर त्रिमितीय आकृती काढू लागलेला विद्यार्थी प्रथम घन काढतो, मग गोल, मग शंकू. १९९०च्या दशकातील 'ग्लट' या प्रोग्रॅमसंचात यांतील प्रत्येकासाठी तयार आज्ञा होती. त्याच यादीत चहाच्या किटलीचीही एक आज्ञा होती. युक्लिडच्या भूमितीत नसलेली ही वस्तू तेथे आली कशी?

२/ याचे उत्तर अमेरिकेतील युटा विद्यापीठात सापडते. १९७०च्या दशकात ते संगणक-चित्रणाचे अग्रगण्य केंद्र होते. वक्र पृष्ठभाग गुळगुळीत दिसावा यासाठी आंरी गुरो यांनी १९७१ मध्ये आणि बुई तुओंग फाँग यांनी १९७३ मध्ये छायांकनाच्या रीती तेथेच मांडल्या.

३/ पण या रीती पारखायच्या कशावर? घनाची पृष्ठे सपाट. तेथे वक्रतेची परीक्षाच होत नाही. गोल वक्र खरा, पण सर्व बाजूंनी फुगीर; त्याचा एक भाग दुसऱ्या भागावर सावली टाकत नाही. आकृती सोपी असली की प्रोग्रॅममधील दोषही झाकले जातात.

४/ १९७५ मध्ये मार्टिन न्यूएल या संशोधकाला अशीच एक परीक्षावस्तू हवी होती. पत्नी सँड्रा यांनी घरातील किटली सुचवली. न्यूएल यांनी ती आलेख-कागदावर रेखाटली आणि तिचे वक्र बेझिए पद्धतीच्या बिंदूंत उतरवले. पिएर बेझिए हे रेनो या मोटार कंपनीतील अभियंते. मोटारीच्या बांध्यासाठी वापरलेले गणित असे किटलीच्या कामी आले.

५/ किटलीत सगळ्याच अडचणी एकत्र होत्या. मूठ आणि पोट यांमध्ये पोकळी, तोटीची पोटावर पडणारी सावली, झाकणाच्या बोंडाखाली खोगिरासारखा बाक. मूळ आकृती वक्र पृष्ठांच्या २८ तुकड्यांची होती आणि तिला तळच नव्हता. तो पुढे जोडला गेला.

६/ निर्णायक ठरले ते हे, की न्यूएल यांनी बिंदूंचे आकडे इतरांसाठी खुले केले. नवी रीत शोधणारा प्रत्येक जण ती याच किटलीवर पारखू लागला. वस्तू एकच असल्यामुळे कोणाची रीत सरस, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येऊ लागले.

७/ जिम ब्लिन यांनी पुढे आकृतीची उंची कमी केली आणि तेच बसके रूप रूढ झाले. खरी किटली त्याहून उंच आहे. ती कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. नवशिक्याने ती एका ओळीची आज्ञा दिली, की न्यूएल यांनी कागदावर आखलेले तेच वक्र पडद्यावर उमटतात.