कापसाचा पैसा आणि लोखंडी सांगाडा

गावी, म्हणजे कामरगावला गेलो की प्रश्न ठरलेला: "पीएचडी कशावर करतो रे?" "जुन्या लोखंडी इमारतींवर" म्हटलं की पुढचा: "मंग कापसाच्या गावात त्याचं काय?"

कापूसच तर मुद्दा आहे! १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीतच मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली, मोकळ्या जागेचे प्लॉट विकायला निघाले. १८६४ मध्ये त्यातला एक जॉन वॉटसन या कापड व्यापाऱ्याने घेतला. पुढच्या वर्षी युद्ध संपलं, भाव कोसळले, बँका बुडाल्या. तरी काळा घोड्यापाशी वॉटसन हॉटेल उभं राहिलंच, १८६७ ते १८७१ या काळात.

आराखडा रोलंड ऑर्डिशचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या प्रचंड छतामागेही हाच इंजिनिअर. लोखंडाचे भाग इंग्लंडात ओतून जहाजाने आणले, इथे जोडले. आपल्याकडचा सागवानी खांब-तुळयांचा वाडा आठवा: भार खांबांवर, भिंत फक्त आडोसा. वॉटसनमध्ये तेच, लोखंडात. विटा नुसत्या भरलेल्या. पुढे गगनचुंबी इमारती शक्य झाल्या त्या याच युक्तीमुळे, कारण भिंतीवरच भार टाकला तर मजल्यामागे ती जाड होत जाते.

पुस्तकांत मात्र पहिला मान शिकागोच्या होम इन्शुरन्स बिल्डिंगला. १८८५, दहा मजले. वॉटसन पाच मजल्यांचं, म्हणून ते 'गगनचुंबी' नव्हे, हे मलाही मान्य. पण शिकागोची ती इमारत १९३१ मध्ये पाडली तेव्हा तिचा बराच भार दगडविटांवर होता असं दिसलं. मग सांगाड्याची गोष्ट शिकागोपासूनच का सुरू करायची? माझा सगळा वाद एवढ्यावरच आहे.

लोकांना वॉटसन आठवतं ते ७ जुलै १८९६ च्या ल्युमिए बंधूंच्या चित्रपट-खेळासाठी. खांबांकडे कोण बघतं! पुढे खोल्यांची भाडेकरूंत वाटणी झाली, नाव झालं एस्प्लनेड मॅन्शन. २००५ मध्ये सज्जा कोसळून एक जण दगावला. २०१९ मध्ये इमारत रिकामी करायला लावली. पाडायची की दुरुस्त करायची, हा वाद हायकोर्टात गेला. ते हायकोर्ट तिथून चालत काही मिनिटांवर.