मरणाची नोंद आणि कामगार

आमच्या युनियनच्या कचेरीत जे कागद येतात त्यांत आकाराने लहान आणि वजनाने भारी असा कागद म्हणजे मृत्यूचा दाखला. भविष्य निर्वाह निधी असो, ग्रॅच्युइटी असो वा विमा, हा कागद पुढे ठेवल्याखेरीज विधवेच्या हाती दमडी पडत नाही. परंतु हा कागद जन्मला तो तिच्यासाठी नव्हे.

इंग्रज सरकारला मरणे मोजायची होती ती रोगराईच्या हिशेबासाठी. कोण मेला यापेक्षा किती मेले, हीच मुख्य चौकशी. खेड्यात ही माहिती गावचा पाटील देई, आणि त्याला वैद्यक कुठले ठाऊक? म्हणून जुन्या तक्त्यांत 'ताप' या एकाच रकान्यात हिवताप, क्षय आणि उपासमार गुण्यागोविंदाने नांदतात. 1886 साली नोंदणीचा कायदा झाला, पण त्याखाली नोंद करणे हे लोकांच्या खुशीवर होते.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोगांचा कायदा आला. घरात प्लेगचे मरण झाले असे कळले की उरलेली माणसे छावणीत जायची, कपडालत्ता जाळला जायचा. मग चाळकऱ्यांनी प्रेते लपवली, प्लेगला साधा ताप म्हटले, आणि हजारोंनी गावाची वाट धरली. त्यांना अडाणी ठरवणारे पुष्कळ लिखाण मी वाचले आहे. मला ते पटत नाही. ज्या नोंदीने घर मोडते ती नोंद शहाणा माणूस कशाला करील?

हे चित्र पालटले ते कामगार-कायद्यांनी. 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा, 1948 चा राज्य विमा, 1952 चा भविष्य निर्वाह निधी यांनी मेलेल्या कामगाराच्या नावापुढे रक्कम मांडली. रक्कम आली तशी पुराव्याची गरज आली. 1969 च्या कायद्याने नोंद सक्तीची केली. मुदत 21 दिवसांची. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. शिवाय नोंद होते ती मरण जिथे घडले तिथे. माणूस मुंबईच्या रुग्णालयात गेला तर रत्नागिरीच्या खेड्यातून त्याच्या बायकोला दाखल्यासाठी मुंबईलाच लिहावे लागते. हजेरीपटावरचे नाव एक, गावचे दुसरे, असे निघाले तर विचारूच नका.

याच कायद्याच्या 17 व्या कलमात एक गोष्ट आहे: दाखल्यावर मृत्यूचे कारण दाखवायचे नाही. चार जणांत अब्रू राहावी म्हणून ही सोय ठीकच. पण कोविडच्या काळात तीच आडवी आली. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वारसांना 50,000 रुपये मिळायचे ठरले, आणि ज्या रोगाचे नाव पणजोबांनी लपवले असते ते नाव कागदावर यावे म्हणून पणतवंडे रांगेत उभी राहिली. बायका चाचणीचा चुरगळलेला कागद पदराआडून काढून आमच्यापुढे ठेवत. दाखल्यावर कोविड लिहिले नाही एवढ्यावरून पैसे नाकारू नयेत, असे न्यायालयाला ऑक्टोबर 2021 मध्ये स्पष्ट सांगावे लागले. पुढे 2023 च्या दुरुस्तीने कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र जवळच्या नातेवाइकालाही देणे रुग्णालयांवर बंधनकारक झाले. ते मागून घ्यावे लागते, हे पुष्कळांना अजून माहीत नाही.