काशीगावचा कातळ आणि त्याची सागरपार भावंडे

मुंबईच्या उत्तर सीमेजवळच्या काशीगावाहून घोडबंदर रस्त्याने ठाण्याकडे निघाले की उजव्या हाताला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर लागतात. साष्टी बेटाचा हा कणा. पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये साष्टी घेतली, मराठ्यांनी १७३७ मध्ये ती जिंकली, १७७४ मध्ये ती इंग्रजांकडे गेली. मालक बदलत राहिले, खालचा काळा कातळ मात्र त्या सर्वांआधीचा.

साष्टी भर समुद्रात उगवलेली नाही; खाड्यांनी मुख्य भूमीपासून तोडलेला तो दख्खनच्या पठाराचाच तुकडा. पण तिचे गोत्र थेट महासागरातल्या बेटांशी जुळते.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पसरत गेला, थरावर थर. आज उरलेले थरच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर व्यापतात. साष्टी-मुंबईचा भाग त्यातला उशिराचा. उत्तनच्या दक्षिणेला गोराई-मनोरीचा ट्रॅकाइट नावाचा फिकट लाव्हा-खडक ६ कोटी २० लाख वर्षांच्या आसपासचा आहे. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत इथे तळी साचली. वरळीच्या अशाच गाळाच्या थरात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले, त्यांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केले. अंधेरीचा गिल्बर्ट हिल म्हणजे थंड होताना उभे चिरत गेलेल्या बेसाल्टचे, याच काळ्या कातळाचे, खांब. माथ्यावर गावदेवी, पायथ्याशी इमारतींची दाटी!

मग तो लाव्हा आला कुठून? प्रचलित उत्तर असे की पृथ्वीच्या पोटातला एक तप्त स्रोत जवळपास जागीच राहिला आणि भारताची भूपट्टी त्यावरून उत्तरेकडे सरकली. शिवणयंत्राची सुई जागीच, कापड पुढे. टाके पडत गेले ते असे: दख्खन, लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. १९८७ मध्ये एका संशोधन जहाजाने या रांगेत सागरतळाला भोके पाडून खडकांचे नमुने काढले. मालदीवचा बेसाल्ट सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांचा निघाला, चागोसचा ४ कोटी ९० लाखांचा. दक्षिणेकडे जावे तसे वय उतरते. मॉरिशस जेमतेम ८०-९० लाख वर्षांचे.

सगळ्यांना हे पटलेले नाही. आयआयटी मुंबईचे भूवैज्ञानिक हेतू शेठ यांनी अशा स्रोताविना, भूखंड फाटण्यातून दख्खनचा उगम मांडला आहे. वाद जिवंत आहे, तरी वयाची उतरती रांग सहज झटकून टाकता येत नाही.

या रांगेतल्या मॉरिशसशी मराठी माणसाचा संबंध भूगर्भाइतका जुना नसला तरी घामाचा आहे. १८३४ पासून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर तिथे जाऊ लागले. त्यांत कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची माणसे होती. उसासाठी जमीन काढायची तर आधी काळे धोंडे वेचायचे. शेतांतून हाताने उचलून रचलेले धोंड्यांचे ढीग आजही तिथे दिसतात. गावी ज्या जातीच्या दगडाचे जाते फिरवले, त्याच जातीचा दगड परमुलखात छातीवर आला. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बोटीतून उतरलेले मजूर चढून गेले त्या दगडी पायऱ्या तिथे जपल्या आहेत. गणेश चतुर्थीला तर मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी असते.

मॉरिशसचा ज्वालामुखी आता निजलेला आहे. शेजारच्या रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ मात्र वारंवार उफाळतो. २००७ च्या एप्रिलमध्ये त्याच्या मुख्य विवराचा तळ ३०० मीटरहून अधिक खचला.