तेरेखोलचा कडा

पेडणे महालाच्या वायव्य टोकास तेरेखोल नदी समुद्रास मिळते. दक्षिण तीरावर केरी, उत्तर तीरावर तेरेखोल. सारा महाल नदीच्या अलीकडे आणि हे एकच चिमुकले गाव पलीकडे. नकाशा पाहणारा क्षणभर बुचकळ्यात पडतो. केरीस आजोबा देवस्थानी जाणाऱ्या भाविकांना समोरचा किल्ला दुरून परिचित असतो, परंतु नदी ओलांडणारे थोडे. आम्ही ती ओलांडून कड्यावर उभे राहिलो, तेव्हा त्या विचित्र हद्दीचे कारण पायांखालीच सापडले.

हा कडा जांभ्याचा. मूळ खडक दीर्घकाळ उन्हापावसाने कुजून, विरघळणारी द्रव्ये वाहून जाऊन लोहाचा अंश मागे उरला म्हणजे जांभा बनतो. ताजा असता तो हत्याराने सहज कापता येतो. वारा लागला की कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन याने 1807 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात यास लॅटिनमधील विटेच्या नावावरून ‘लॅटेराइट’ म्हटले. आमच्या पूर्वजांना मात्र त्याचे मर्म शतकानुशतके आधीच ठाऊक होते. डिचोली महालातील हरवळ्याची लेणी याच दगडात कोरलेली आहेत आणि त्यांत शिवलिंगे स्थापिलेली आहेत.

समुद्राचे कोरणे निराळे. वरचे कवच कठीण, खालचा थर मऊ व मातकट. लाटा पायथा पोखरतात, पावसाचे पाणी वरून भेगांत शिरते, आणि एके दिवशी आधार सुटलेला भलामोठा खडक खाली येतो. पायथ्याशी पडलेल्या शिळा हीच या कड्याची बखर होय.

अशा या उंच जागी सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेमसावंत भोसल्यांनी किल्ला बांधला. येथून नदीचे मुख आणि समुद्र दोन्ही नजरेखाली राहतात. आलेले गलबत लपत नाही. 1746 साली पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मेदा याने तो घेतला. त्याच वर्षी त्याने पेडण्यातील हळर्णचा कोटही जिंकला होता. पुढे त्याला जी ‘मार्केझ द आलोर्ना’ ही पदवी मिळाली, ती या हळर्णवरूनच. पेडणे महाल पोर्तुगिजांकडे कायमचा गेला तो त्यानंतर 42 वर्षांनी, 1788 साली. हद्द ठरताना नदी बाजूस राहिली, किल्ला राखला गेला, आणि कड्यामागचे गाव गोव्यात राहिले.

याच हद्दीचा पुढे सत्याग्रह्यांना उपयोग झाला. सावंतवाडीकडून किल्ल्यापर्यंत नदी आड येत नाही. 15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेद आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही आत शिरले व त्यांनी तिरंगा फडकविला. त्यांना अटक झाली. परंतु तेरेखोलचे नाव सर्वत्र पोचले. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला.

आज समोरच्या केरीच्या पुळणीचीही धूप होत आहे. सुरूची झाडे मुळे उघडी पडून उन्मळली आहेत. तेथे झाडे पडल्याने नुकसान सर्वांना दिसते. कड्याचे झिजणे डोळ्यांत भरत नाही. तटाचे चिरे आणि खालचा खडक एकाच जातीचे. म्हणून आमच्या मते किल्ल्याची डागडुजी करणाऱ्यांनी दर पावसाळ्यानंतर ओहोटीच्या वेळी पायथ्याशी उतरून कड्याचीही पाहणी करावी.