गाव नकाशावरचे आणि माणसांचे

सातबारा उताऱ्यावर ‘मौजे’ या शब्दापुढे ज्या गावाचे नाव येते, त्या गावात उताऱ्याचा मालक राहत असेलच असे नाही. तो दोन-तीन किलोमीटरवरच्या एखाद्या वाडीत, पाड्यावर किंवा तांड्यात राहत असू शकतो. त्या वस्तीचे नाव पंचक्रोशीत सर्वांच्या तोंडी असते. महसुली दप्तरात मात्र अनेकदा नसते. भारतात ‘गाव’ हा शब्द शासनाची निरनिराळी खाती निरनिराळ्या अर्थांनी वापरतात. लहानशी वस्ती यांपैकी कोणत्या व्याख्येत बसते, यावर तिला रस्ता, निधी आणि निर्णयाचा अधिकार मिळणे बऱ्याच अंशी अवलंबून असते.

महसुली गाव

महसुली गाव म्हणजे निश्चित हद्द आखलेले, मोजणी झालेले क्षेत्र. त्यात गावठाण, शेतजमीन, गायरान, ओढे-नाले असे सारे येते. या व्याख्येचा पाया जमीन हा आहे, माणूस नव्हे. म्हणूनच एकही घर नसलेले गाव दप्तरात गाव म्हणून कायम राहू शकते. अशा गावांना जुन्या महसुली भाषेत ‘बेचिराख’ म्हणतात. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ६ लाख ४० हजार गावांपैकी सुमारे ४३ हजार गावे निर्जन होती.

महाराष्ट्रात या रचनेला १९६६ च्या जमीन महसूल संहितेचा आधार आहे. काही गावांचा मिळून एक सज्जा, सज्जांचे मंडळ, त्यावर तालुका, उपविभाग आणि जिल्हा अशी ही उतरंड आहे. सज्जाचे दप्तर सांभाळणाऱ्या तलाठ्याचे पदनाम २०२४ मध्ये ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले. पोलीस पाटलाचे पद १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली येते. गावांच्या नावांतही जुन्या प्रशासनाच्या खुणा आहेत. ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ ही फारसी ‘बुजुर्ग’ व ‘खुर्द’, म्हणजे थोरले व धाकटे, यांची मराठी रूपे होत.

पंचायतीचे गाव

२४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने गावाची वेगळी व्याख्या केली. राज्यपालांनी अधिसूचनेद्वारे जाहीर केलेले गाव किंवा गावांचा समूह म्हणजे पंचायतीच्या दृष्टीने गाव. महाराष्ट्रात १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार पंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात.

लहान गावे एकत्र करून गट ग्रामपंचायत स्थापन केली जाते. राज्यात सुमारे ४३ हजार ६०० महसुली गावे असून ग्रामपंचायती मात्र सुमारे २८ हजार आहेत. खर्चाच्या दृष्टीने ही सोय योग्य असली, तरी गटातील मोठ्या गावाकडे सदस्यसंख्या व निधी झुकण्याचा धोका असतो. शंभर-दीडशे मतदारांच्या वाडीला ग्रामसभेत बहुमत मिळणे कठीण. वाडी महसुली गाव म्हणून घोषित झाली, तरी तिला आपोआप ग्रामपंचायत मिळत नाही. त्या दोन स्वतंत्र प्रक्रिया आहेत.

जनगणनेचे गाव

जनगणना सर्वसाधारणपणे महसुली गाव हाच घटक धरते. त्यामुळे वाडीची लोकसंख्या मूळ गावाच्या आकड्यात मिसळून जाते. दुसरीकडे, किमान ५ हजार लोकसंख्या, शेतीबाहेरील कामांत असलेले ७५ टक्के पुरुष मुख्य कामगार आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोकांची घनता या कसोट्या पूर्ण करणाऱ्या गावाला जनगणना ‘शहर’ ठरवते. अशी ‘जनगणना शहरे’ २००१ मध्ये १,३६२ होती. २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. कारभार मात्र तेथे सहसा ग्रामपंचायतच पाहते.

वस्तीला मान्यता

माणसे जेथे प्रत्यक्ष राहतात त्या वस्तीला घटक मानण्याचा महत्त्वाचा प्रयत्न प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने केला. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत महसुली गाव न धरता वस्ती धरली गेली. सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २५० लोकसंख्येची वस्ती रस्त्यास पात्र ठरली.

१९९६ चा पेसा कायदा याहून पुढे गेला. पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात आपल्या परंपरेनुसार व्यवहार चालवणारी वस्ती, पाडा किंवा त्यांचा समूह म्हणजे गाव, असे त्याने मानले. महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांत असे क्षेत्र आहे. राज्याच्या २०१४ च्या नियमांनुसार वस्तीतील निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव केल्यास, महसूल अधिकाऱ्यांच्या चौकशीनंतर, तिला स्वतंत्र गाव घोषित करता येते. तसे झाल्यास पाड्याला स्वतःची ग्रामसभा मिळते. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही वनगावे व मोजणी न झालेल्या वस्त्यांचे महसुली गावांत रूपांतर करण्याचा हक्क मान्य केला. याच कायद्याखाली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा या छोट्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मेंढा तेव्हा लेखा ग्रामपंचायतीचा भाग होते. हक्क मात्र त्याच्या स्वतःच्या ग्रामसभेला मिळाला.

अनुसूचित क्षेत्राबाहेरील तांड्यांना पेसाचा आधार नाही. तेलंगणाने २०१८ च्या पंचायत कायद्याने किमान ५०० लोकसंख्येच्या तांड्यांना व आदिवासी गुडेमांना ग्रामपंचायतीचा दर्जा दिला. त्यामुळे राज्यातील ग्रामपंचायती सुमारे ८,७०० वरून १२,७०० च्या पुढे गेल्या. पंचायती वाढल्या की कर्मचारी आणि उत्पन्न विभागले जाते, हा त्यावरचा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

२०२७ च्या जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा गोठवण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ही ठरवण्यात आली. त्या तारखेपर्यंत ज्या वाड्यांना गावाचा दर्जा मिळाला नाही, त्यांची माणसे मोजली जातील. पण ती मूळ गावाच्या नावावर. स्वतःच्या नावापुढे स्वतःचा आकडा पाहण्यासाठी त्यांना पुढील जनगणनेची वाट पाहावी लागेल.